सीजीपीए कमी आहे आणि एमबीए करायचंय: बेळगावच्या पोरापोरींसाठी जरा सविस्तर

व्हीटीयूवाल्यांनी (कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची युनिव्हर्सिटी) सगळ्यात आधी एक गणित करून घ्या. सीजीपीएमधून, म्हणजे दहापैकी मिळणाऱ्या सरासरी ग्रेडमधून, ०.७५ वजा करा आणि १० ने गुणा. माझा सीजीपीए ६.३, म्हणजे ५५.५ टक्के, ६३ नाही. मी २०१५ च्या सीबीसीएस स्कीमची (त्या वर्षीचा अभ्यासक्रम आणि ग्रेडची पद्धत), तुमची स्कीम नवीन असेल तर तुमच्या रेग्युलेशनमध्ये कुठला फॉर्म्युला दिलाय तो बघा, पण बघा नक्की, कारण कितीतरी जणांना हे फॉर्म भरताना कळतं. कॅटला, म्हणजे आयआयएमच्या एमबीएच्या प्रवेश परीक्षेला, बसायला जनरल आणि ओबीसी दोघांना पदवीला ५० टक्के लागतात, एससी, एसटी आणि दिव्यांग असाल तर ४५. आता ५.७ सीजीपीएवाल्याचे या हिशोबाने होतात ४९.५ आणि ४९.५ म्हणजे ५० नव्हे, राउंड ऑफ करून चालत नाही हे तिथं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यामुळे अजून एखादं सेमिस्टर हातात असेल तर कॅटची पुस्तकं बाजूला ठेवा आणि आधी तो पॉइंट वर ओढा.

५० च्या वर आहात ना, मग पुढचं वाचा.

मी बेळगावातल्या वडगावची. पप्पांचे माग आहेत, घरात इंजिनिअर मीच पहिली. दहावी मराठी मिडियममधून, ६२५ पैकी ५७०, म्हणजे ९१ टक्क्यांच्या वर, मग पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला सगळं इंग्लिश आणि शेजारी बसलेल्यांना सगळं आधीच येतंय असं वाटायचं, तिथं ७८ वर आले आणि मेकॅनिकलला आल्यावर अजून खाली. आपल्याकडच्या निम्म्या मराठी मिडियमवाल्यांचा ग्राफ असाच उतरता असतोय. याची कारणं सगळ्यांना माहिती आहेत, मी त्यात जात नाही. पण हा ग्राफ असा असण्याचा एक फायदा आहे आणि तो कुणी सांगत नाही, म्हणून ही पोस्ट.

फायदा हा की सगळी कॉलेजं तुमच्या मार्कांकडे सारख्या नजरेनं बघत नाहीत. एकाला दहावी-बारावी-पदवी तिन्ही लागतात, एकाला फक्त दहावी-बारावी, एकाला मागचं काहीच नको, परीक्षेचा स्कोअर द्या आणि चला. मी अर्ज केला त्या वर्षी अहमदाबाद आणि बेंगळुरू दोन्ही आयआयएम शॉर्टलिस्ट करताना पदवीचे मार्क धरत होते, कोलकाता मात्र दहावी-बारावीचे धरायचं आणि पदवीचे नाही. म्हणजे माझ्यासारखीचे ९१ टक्के तिथं कामाला येतात आणि ५५.५ गप्प बसतात. अर्थात कोलकात्याला कॅटमध्येच जे पर्सेंटाइल (शंभरातल्या किती जणांच्या पुढे आहात ते) लागतंय तेवढं मला मिळालं नाही तो भाग वेगळा, पण मुद्दा कळला ना? प्रत्येक आयआयएम दरवर्षी आपली ॲडमिशन पॉलिसी पीडीएफमध्ये वेबसाइटवर टाकते, त्यात कशाला किती वजन ते टेबल करून दिलेलं असतं, ते वाचायला एक रविवार पुरतो. मी एक्सेलमध्ये शीट केली होती, एका कॉलमात कॉलेज, मग दहावी, बारावी, पदवी, अनुभव, मुलगी असल्याचे पॉइंट, आणि शेवटी माझे किती होतात ते. ती शीट झाल्यावर अर्ज कुठं करायचा हा प्रश्नच उरला नाही, काही मोठी नावं आपोआप गळाली आणि काही कॉलेजं, ज्यांचा मी विचारही केला नव्हता, ती वर आली.

क्लासवाले हे करायला सांगत नाहीत. ९९ काढ, सगळं होतंय, असं म्हणतात. ९९ काढला तर खरंच बरंच होतंय, पण पदवीला ५५ असलेल्या ९९ वाल्याला आणि ८५ असलेल्या ९९ वाल्याला कॉल सारखे येत नाहीत हे फी भरायच्या आधी कळलेलं बरं.

मुलींना एक सांगते. बऱ्याच आयआयएममध्ये मुलींना जेंडर डायव्हर्सिटीचे पॉइंट आहेत. कॉलेजात मला एकाने तोंडावर म्हटलं होतं, तुमचं काय, तुम्हाला पॉइंट मिळतात. मिळतात, घ्यायचे. मेकॅनिकलच्या वर्गात मागे वळून मुली मोजल्या तर ते पॉइंट का आहेत ते समजतंय.

आता सीईटी. हे मी जरा लांब लिहिणार आहे कारण आपल्या भागातल्या मुलांना यातलं फार कमी माहिती असतं. महाराष्ट्राची एमबीए सीईटी, म्हणजे जमनालाल बजाज, सिडनहॅमचं सिम्स्री, पुणे विद्यापीठाचं पुम्बा ही सगळी ज्यातून मिळतात ती. आम्ही परीक्षा दिल्या तेव्हा पेपर २०० प्रश्न, १५० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. आणि मेरिट लिस्ट लागते ती सीईटीच्या स्कोअरवर. पदवीचे मार्क ५० च्या वर असले की पात्रतेपुरते झाले, नंतर दोघांचा स्कोअर सारखा आला तरच ते कुठंतरी विचारात येतात. ग्रुप डिस्कशन नाही, इंटरव्ह्यू नाही, कॅप राउंडमध्ये (सगळ्या कॉलेजांची मिळून होणारी प्रवेश फेरी) ऑप्शन फॉर्म भरा आणि अलॉटमेंटची वाट बघा. पदवीला मार्क कमी असलेल्याला यापेक्षा सरळ रस्ता मला तरी दिसला नाही. तयारी मात्र वेगळी लागते, कॅटला एक प्रश्न सोडवायला पावणेदोन मिनिटांच्या आसपास मिळतात, इथं एक मिनिटसुद्धा नाही, त्यामुळे कॅटवाले इथं येऊन हळू पडतात. ॲबस्ट्रॅक्ट रीझनिंगच्या आकृत्या तर कॅटला नसतातच, त्यांची सवय वेगळी करायला लागते.

आणि यात आपला, सीमाभागाचा विषय आहे. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी उमेदवारीचा वेगळा प्रकार आहे, टाइप ई. दहावी आणि बारावी सीमाभागातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजातून झालेली पाहिजे आणि मातृभाषा मराठी पाहिजे, म्हणजे तुम्ही कर्नाटकात राहत असूनही महाराष्ट्राचे उमेदवार म्हणून धरले जाता, ऑल इंडियाच्या थोड्या जागांत ढकलाढकली करायला लागत नाही. महाराष्ट्र हक्क सांगतोय त्या ८६५ गावांचं आपण लहानपणापासून मोर्चात, भाषणात, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला ऐकत आलोय, ते इथं खरंच कागदावर उपयोगी पडतंय. त्यासाठी दोन दाखले लागतात, माहितीपुस्तिकेत त्यांचे नमुने दिलेले असतात प्रोफॉर्मा जी-१ आणि जी-२ म्हणून, एक तुमचं गाव सीमाभागात येतंय याचा आणि दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. हे नमुने दिलेत तसेच्या तसे पाहिजेत, आपल्या मनाने लेटरहेडवर चार ओळी लिहून आणल्या तर व्हेरिफिकेशनला परत पाठवतात. माझा धाकटा भाऊ राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीचा बीकॉम, ५२ टक्के. याच रस्त्याने तो आता मुंबईत आहे. दाखल्यांसाठी तो परीक्षा झाल्या झाल्या मागे लागला, निकालाची वाट बघत बसला नाही, कारण कॅपचं वेळापत्रक एकदा सुरू झालं की तारखा फटाफट जातात आणि इकडच्या ऑफिसात तुमच्या मुंबईच्या तारखेचं कुणाला काय पडलंय. शाळेचा दाखला, दहावी-बारावीची मार्कशीट, सगळ्याच्या झेरॉक्स आधीच काढून एका फाइलमध्ये ठेवा. नियम दरवर्षीच्या पुस्तिकेत परत वाचा.

कर्नाटकातच राहायचं असेल तर केईएची (कर्नाटक परीक्षा प्राधिकरण) पीजीसीईटी आहे, तीही स्कोअरवरच, फी परवडते. वाईट काहीच नाही त्यात. उद्यमबागेतच (बेळगावची कारखान्यांची वसाहत) पुढं राहायचंय, घरचा कारखाना बघायचाय अशा पोरांना मी सरळ तेच सांगते.

उद्यमबागेवरून आठवलं. मला रोज विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, अक्का, एक वर्ष ड्रॉप घेऊन घरी अभ्यास करू काय? पदवीला मार्क कमी असतील तर नको. ज्याचे मार्क चांगले आहेत त्याने एक वर्ष घरी काढलं तर त्याला कुणी फार काही विचारत नाही, आपल्याला विचारतात. शिवाय मार्कशीट आता बदलत नाही, पण तुमच्याबद्दल सांगणारी दुसरी काहीतरी गोष्ट तयार होऊ शकते आणि ती कामातूनच होते. कामाच्या अनुभवाचे महिने मोजून बऱ्याच ठिकाणी पॉइंटही असतात.

मी पास झाल्यावर उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला लागले. पगार सांगण्यासारखा नव्हता. काकांचं म्हणणं, नोकरी लागली की, आता स्थळं बघूया. काम म्हणजे फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग झालं की मापं तपासायची आणि रिजेक्शन रजिस्टरमध्ये लिहायचं. यात गंमत अशी की ब्लो होल वरून दिसतच नाही, आत गॅस अडकून पोकळी राहिलेली असते आणि लेथवर दोन-तीन कट घेतल्यावर ती उघडी पडते, म्हणजे तोवर टूल, वीज, ऑपरेटरचा वेळ सगळं त्या पीसवर गेलेलं असतं. मग मशीन शॉप म्हणणार फाउंड्रीची चूक, फाउंड्री म्हणणार तुमचं सेटिंग बघा. रजिस्टरं भरलेली होती, पण ती उघडून कुणी बघत नव्हतं. मी ती एक्सेलमध्ये घेतली, डिफेक्टचा प्रकार, पार्ट, हीट नंबर (भट्टीतल्या कुठल्या ओतकामाचा पीस ते), तारीख, आणि साधा पॅरेटो चार्ट काढला, म्हणजे कुठला दोष किती वेळा ते जास्तीपासून कमीकडे. जून ते सप्टेंबरमध्ये ब्लो होल उठून दिसले. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, कोअर (साच्यात पोकळीसाठी ठेवायचा वाळूचा गाभा) आणि वाळू दमट राहते, तापलेला रस पडला की त्या ओलाव्याची वाफ होते आणि बाहेर जायला वाट मिळाली नाही की आत अडकते. फाउंड्रीतल्या जुन्या मामांना हे माझ्या जन्माच्या आधीपासून ठाऊक होतं, ते म्हणाले, हे तर मी दरवर्षी सांगतोय की. पण त्यांचं कुणी लिहून घेतलं नव्हतं आणि चार्ट दिसल्यावर मालकांनी कोअर साठवायची जागा बदलली, वापरायच्या आधी ओव्हनमध्ये परत वाळवायला लावले. एवढंच. यात मी काही शोध लावलेला नाही. पण इंटरव्ह्यूला सगळ्यात जास्त वेळ मी याच्यावर बोलले, कारण समोरच्यांना ते खरं वाटत होतं आणि मला त्यातलं सगळं माहिती होतं, कितीही खोल विचारा.

त्यामुळे नोकरी कुठं आहे याला लाजू नका. बेंगळुरूच्या आयटी पार्कात नाही, उद्यमबागेत आहे, मच्छेत आहे, निपाणीत काकांच्या दुकानात हिशोब बघतोय, चालतंय. तिथं पैसा कुठं गळतोय ते शोधा आणि आकडे लिहून ठेवा.

अभ्यासाचं फार लिहीत नाही, यूट्यूबवर ढीगभर आहे. कॅटमध्ये ४० मिनिटांचे तीन सेक्शन, बरोबर उत्तराला ३, ऑप्शनवाल्या चुकलेल्या उत्तराला वजा १, टाइप करायच्या उत्तराला वजा नाही. मराठी मिडियमवाल्यांना भीती असते ती इंग्लिशच्या पॅसेजची. शब्दार्थ पाठ करू नका, त्याचा काही उपयोग नाही. रोज एक मोठा लेख वाचा ज्याचा विषय तुम्हाला आवडत नाही, कला, तत्त्वज्ञान, माणसाच्या मेंदूवरचं काहीतरी, आणि वाचून झाल्यावर आईला मराठीत सांगा लेखक काय म्हणतोय. आईला कळलं तर तुम्हालाही कळलं. माझी आई मागावर कांड्या भरत भरत ऐकायची आणि मध्येच विचारायची, मग ह्येचं म्हणणं काय, व्हय का न्हाय? पॅसेजच्या खाली पहिला प्रश्न बहुतेक तोच असतो.

डीआयएलआरमध्ये (आकडेवारी आणि तर्काचा सेक्शन) चार-पाच सेट असतात, त्यातले कुठले सोडायचे हे पहिल्या पाच-सात मिनिटांत ठरवायचं. मॉक (सराव परीक्षा) देताना स्कोअरपेक्षा मी चुकीचा सेट का धरला हे वहीत लिहायचे. क्वांट, म्हणजे गणिताचा सेक्शन, बहुतेक आठवी ते दहावीचंच आहे. एम-३ ला (इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर) घाबरलेल्यांनी इथं घाबरायचं कारण नाही.

कॉलेजचे मार्क कमी म्हणून काहीजण ऑनलाइन सर्टिफिकेटं गोळा करतात, दहा-पंधरा. दोन तासात मिळणारं सर्टिफिकेट पॅनलवाले वाचतसुद्धा नाहीत. करायचंच असेल तर एनपीटीईएलचा (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) एखादा पूर्ण कोर्स करा, आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात, असाइनमेंटला २५ टक्के आणि सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५, म्हणजे निदान कुणीतरी तुमची परीक्षा घेतलेली असते. ज्या विषयात पदवीला मार खाल्ला त्याच्याजवळचा विषय घ्या, स्टॅटिस्टिक्स, ऑपरेशन्स, असं काही. आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) किंवा बाहेरच्या देशातलं बघत असाल, जीमॅट परीक्षेवालं, तर तिथं हे जास्त चालतं आणि अर्जात बहुतेक एक जादा निबंधाची जागा असते, तिथं मार्कांबद्दल चार-पाच ओळी लिहायच्या. पानभर नको.

इंटरव्ह्यू. मला नव्या आयआयएमच्या कॉमन इंटरव्ह्यूचा कॉल आला, त्या वर्षी सगळं ऑनलाइनच होतं आणि पप्पांनी तेवढा वेळ शेजारच्या दोन घरांचे मागसुद्धा बंद ठेवायला लावले होते. मार्कांचा प्रश्न येणारच हे धरून चला. त्यावर लांबलचक सांगायला लागलात की समोरच्याला वाटतं अजून काहीतरी लपवतेय. माझं उत्तर साधारण असं होतं, तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरला विषय राहिले, पुढच्या वर्षी ते काढले, शेवटच्या दोन सेमिस्टरला एसजीपीए (त्या सेमिस्टरची ग्रेड) ८ च्या वर आहे. झालं. मराठी मिडियम, घरची परिस्थिती, कडक पेपर तपासणारे, यातलं काही नाही. ते विचारतील तर सांगायचं.

खरी अडचण पुढं असते. ज्या विषयात मार्क कमी, प्रश्न त्याच विषयातला येतो. मला विचारलं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, माइल्ड स्टीलचा स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह काढून दाखव. मी वही कॅमेऱ्यासमोर धरून काढला आणि मग स्वतःच म्हटलं, सर, आमच्याकडे जे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, येतंय त्याचा असा येत नाही. त्याला यील्ड पॉइंट (जिथून धातू कायमचा ताणला जायला लागतो) ठळक दिसतच नाही, ओढलं तर ताणायच्या आधी तुटतं, दाबाला मात्र दणकट, आत ग्राफाइटच्या पापड्या असतात म्हणून. तिथून गाडी आपोआप फाउंड्रीवर, मग पावसावर, मग त्या चार्टवर. म्हणून सांगते, राहिलेल्या प्रत्येक विषयातले दहा-बारा मूळ प्रश्न परत पक्के करा. जो विषय राहिला होता तो आता येतोय हे समोर दिसलं की मार्कांबद्दल परत कुणी विचारत नाही.

दुसरा न चुकणारा प्रश्न, बेळगाव. सीमावाद काय आहे, तुझं मत काय? इथं आपली पोरं एकतर भाषण ठोकतात नाहीतर गप्प होतात. तारखा तोंडपाठ पाहिजेत. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६६ चा महाजन आयोग आणि १९६७ चा त्याचा अहवाल, जो महाराष्ट्राने मान्य केला नाही, २००४ मध्ये महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टात दावा, २०१२ ला सुवर्ण विधानसौध. दोन्ही राज्यांचं म्हणणं एकेका वाक्यात सांगता आलं पाहिजे. मी तसं सांगितलं, प्रकरण कोर्टात आहे म्हटलं आणि मत विचारल्यावर एवढंच बोलले की मी मराठीत शिकले, बसमध्ये कन्नड बोलते, मालकांशी हिंदीत आणि तुमच्याशी इंग्लिशमध्ये. एक सर हसले आणि त्यांनी १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाबद्दल विचारलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव अधिवेशन ते, टिळकवाडीतली काँग्रेस विहीर मी रोज बघत होते, त्यामुळे तिथं अडले नाही. तुमचं खानापूर असेल, चिकोडी असेल, निपाणी असेल, तिथं काय पिकतं, काय बनतं, मालाला गिऱ्हाईक कुठलं, हे माहिती करून घ्या. निपाणीच्या पोराला तंबाखूचा प्रश्न येतोच.

पैशाचं थोडक्यात. आयआयएमची फी आता बऱ्याच ठिकाणी २० लाखांच्या आसपास नाहीतर वर जाते. ठरावीक संस्थांच्या यादीसाठी एसबीआयचं स्कॉलर लोन आहे, त्यात यादीतल्या बऱ्याच कॉलेजांना घर तारण ठेवायला लागत नाही, त्यामुळे पप्पांना मागाचे कागद काढू नका म्हणून सांगा. कर्ज तुमचं मागचं शिक्षण बघून कमी, तुम्हाला प्रवेश कुठं मिळाला ते बघून जास्त मिळतं. सीईटीच्या सरकारी कॉलेजांत फी यापेक्षा पुष्कळ कमी, भावाचं दोन वर्षांचं मिळून माझ्या एका वर्षाएवढंही झालं नाही आणि तो हे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगतोय.

कॅटचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असतात, परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी. सेंटर हुबळी आलं आणि स्लॉट सकाळचा, साडेआठचा असला तर पहाटेच्या बसच्या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशी जाऊन नातेवाईकांकडे नाहीतर लॉजवर राहा. गेटवरच्या यादीतलं सगळं वाचून जा, घड्याळ, पाकीट, मोबाइल आत नेता येत नाही आणि ठेवायला जागा मिळेलच असं नाही, सोबत कुणीतरी असलेलं बरं. माझ्यासोबत पप्पा आले होते, परीक्षा संपेपर्यंत त्यांनी बाहेर बसून तीन जणांच्या बॅगा सांभाळल्या.

जी-१, जी-२ बद्दल काही अडलं तर खाली विचारा, भावाला उत्तर द्यायला लावते.